लाजेची बेगमी

हल्ली लेखकाला कोणी "काय लिहिताय?" असं विचारत नाही. "कशावर लिहिता?" असं विचारतात, आणि चहात साखर किती लागते ते सांगावं इतक्या सहज लेखकही सांगून टाकतात. सांगलीतल्या एका नामांकित कवयित्रीला भुकेवर कविता सुचते, त्यामुळे चतुर्थी त्या पहिल्यापासून करत होत्याच, आता एकादशीही धरतात. एका चरित्रकाराला इस्त्रीच्या गरम कपड्यांच्या वासाने वाक्यं फुटतात. त्यांच्या घरातलं पायपुसणंसुद्धा कडक इस्त्रीचं असतं. जिल्हा परिषदेतले एक अधिकारी कडाक्याचं भांडण झाल्यावरच उत्तम अहवाल लिहितात. मार्चअखेर जवळ आली की त्यांचे सहकारी रजा टाकतात.

ज्या शोधामुळे हे सगळं झालं, तो ऐकायला अगदी साधा आहे. माणूस चांगलं वाक्य लिहीत असतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक विशिष्ट हालचाल होते आणि ती हालचाल प्रत्येकाची वेगळी असते. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं लेखनमुद्रा. कानामागे बोटभर पट्टी चिकटवायची आणि काही आठवडे नेहमीसारखं जगायचं. राग, भूक, वास, थकवा, आठवणी, सगळ्याची नोंद पट्टी घेत राहते, आणि तुमची मुद्रा नेमकी कशाच्या पाठोपाठ उमटते ते संगणक शोधून काढतो. ते एकदा कळलं की शिस्त नको, पहाटे उठणं नको, कोऱ्या कागदाकडे डोळे लावून बसणं नको. 'रोज ठरलेल्या वेळी बसा, ओळी आपोआप येतील' हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपदेश निकालात निघाला, आणि तो करणारे ज्येष्ठ साहित्यिकही गुपचूप पट्टी लावून आले.

मंदार सावर्डेकर सगळ्यांत शेवटी गेला. पन्नाशी उलटलेला हा कथाकार तरुणपणी बरा लिहायचा, मग आटला. लिहिण्याची रीत सापडावी म्हणून त्याने काय केलं नाही ते विचारा. टेबल पूर्वेला फिरवलं, मग पश्चिमेला. शाईचं पेन घेतलं. गच्चीत बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, मौन धरून पाहिलं. त्याची बायको शलाका एकदा म्हणाली, "मंदार, तू लिहिण्याची तयारी फार छान करतोस." त्यानंतर आठवडाभर त्याने तिच्याशीही मौन धरलं.

मिरजेच्या मुद्राकेंद्रात डॉ. फरीदा मुजावर यांनी त्याचा निकाल पडद्यावर लावला.

"तुमची मुद्रा लाजेवर उमटते," त्या म्हणाल्या.

"लाज म्हणजे, संकोच?"

"नाही. शरम. आपण काहीतरी हलकं वागलो, कोणीतरी ते पाहिलं आणि पोटात खड्डा पडला, ती."

मंदारला हसू आलं. मग डॉक्टरांसमोर हसू आल्याची किंचित लाज वाटली, आणि पडद्यावरची रेघ टुणकन वर गेली. दोघांनीही ती पाहिली.

"यात विचित्र काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लाज वाटते तेव्हा मेंदू काय करतो? स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो. त्याला मी कसा दिसलो, तिला काय वाटलं असेल, हे पुन्हा पुन्हा रंगवतो. कथा लिहिणारा तरी दुसरं काय करतो?"

"मग तुम्हीच द्या ना ती. भुकेवर लिहिणाऱ्या बाईंना तुम्ही गोळी दिलीत म्हणे."

"भूक एकट्याला लागते, सावर्डेकर. लाजेला बघणारा लागतो, आणि बघणारा जितका आपला तितकी ती खोल जाते. ती गोळीत भरता येत नाही. तुमच्याजवळ साठलेली असेल तीच वापरावी लागेल. मात्र एक सांगते. लिहून झालेली लाज विझते."

"विझते म्हणजे?"

"आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नाही. ती दर वेळी बाहेर काढताना मेंदू नव्याने रचतो. तुम्ही तिची कथा रचलीत की परत आत जाते ती कथाच. घटना आठवते, सगळी नावं-गावं आठवतात, पण चटका बसत नाही. याला आम्ही विझवण म्हणतो. भुकेवर लिहिणाऱ्याला पुन्हा भूक लागते. तुमचं तसं नाही."

"म्हणजे लाजही जाणार आणि कथाही मिळणार." मंदार खूश झाला. "एका दगडात दोन पक्षी."

डॉक्टर हसल्या नाहीत. पण तेव्हा त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुढचं वर्ष मंदारच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुपीक वर्ष ठरलं. माणसाजवळ लाजा किती असतात याची माणसाला कल्पना नसते. कॉलेजात असताना गावाकडचे काका धोतर नेसून, हातात फणस घेऊन वसतिगृहावर आले होते आणि त्याने मित्रांना "आमच्या ओळखीचे आहेत" असं सांगितलं होतं. मित्राच्या आईच्या मयताला गेल्यावर त्याने सवयीने चहात आलं आहे का असं विचारलं होतं. अशी एकेक बाहेर काढायची, पोटात खड्डा पडू द्यायचा आणि टेबलाशी बसायचं. वाक्यं धो-धो येत. दिवाळी अंकांचे संपादक, जे त्याला आजवर 'जागा शिल्लक राहिली तर बघू' म्हणत, ते श्रावण लागायच्या आधीच फोन करू लागले. समीक्षकांनी 'निर्भय आत्मपरीक्षण' हा शब्द काढला. काकांची कथा तर फार गाजली. त्या सुमारास ते काका एका लग्नात भेटले, नव्वदीचे, थरथरत्या हातांनी त्यांनी त्याला कवटाळलं. मंदारला काहीच वाटलं नाही. कथेत आपण यांना थोडं जास्तच उंच केलं, एवढंच मनात आलं.

आणि मग कोठार रिकामं झालं.

इथून पुढे मंदारने जे केलं त्याला तो स्वतः 'बेगमी' म्हणायचा. पावसाळ्याआधी घरात डाळ-तांदूळ, मीठ-मिरची भरून ठेवतात, तशी लाजेची बेगमी. बँकेत एका म्हातारबांच्या पुढे घुसला. पाहुण्यांसमोर आमरसाची मोठी वाटी स्वतःकडे ओढली. वाचनालयात कोणाच्या तरी चपला घालून निघाला आणि मुद्दाम फाटकाशी पकडला गेला. वाचताना तुम्हाला हसू येत असेल. शलाकालाही सुरुवातीला आलं. पण परक्या माणसांसमोरची लाज फार पुरायची नाही. म्हातारबांवर जेमतेम दोन परिच्छेद निघाले, आमरसावर एक. बघणारा आपला हवा, हे डॉक्टरांचं म्हणणं त्याला आता कळत होतं, आणि आपल्याला ते कळतंय हे तो स्वतःपासून लपवत होता. अशात संपादक ढोबळे यांचा फोन आला. त्यांना गणपतीपर्यंत दीर्घकथा हवी होती, अंकातली पहिली. पहिली कथा मंदारला आयुष्यात कोणी मागितली नव्हती. तो हो म्हणाला.

मंदारची एकुलती एक मुलगी रेवा. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. रेवा लहानपणापासून बोलताना अडखळायची. शब्द तोंडाशी येऊन अडायचा, कधी क्षणभर, कधी बराच वेळ. घरात एक नियम होता आणि तो मंदारनेच केलेला होता. रेवाचं वाक्य रेवाच संपवणार. पाहुणे मदतीला धावले तर तो हात वर करून त्यांना थांबवायचा. हा नियम त्याने इतक्या निष्ठेने पाळला की मोठी झाल्यावर रेवा बाकी सगळ्या जगासमोर अडखळायची आणि बाबासमोर जवळजवळ नाही. या माणसाने आयुष्यात काही धड केलं असेल तर ते एवढंच.

मंदारचे थोरले भाऊ आणि वहिनी परदेशात मुलाकडे जायचे होते, म्हणून त्यांनी रेवाचं केळवण श्रावणातच उरकून घेतलं. दुपारची वेळ, विश्रामबागेतला त्यांचा फ्लॅट, वीस-पंचवीस माणसं. ताटाभोवती रांगोळी, भरली वांगी, पुरणपोळी. होणारा जावई तन्मयही शेजारच्या पाटावर. वहिनींनी औक्षण केलं आणि सगळ्यांनी एकच धोशा लावला, नाव घे, नाव घे.

नाव घेणं, म्हणजे उखाण्यात नवऱ्याचं नाव गुंफून म्हणणं, हे रेवासाठी सोपं नव्हतं. अडखळणाऱ्या माणसाला सगळ्यांत अवघड काय जात असेल तर नाव. इतर शब्दाला दुसरा शब्द असतो, नावाला नसतो. तरी तिने नाही म्हटलं नाही. आठवडाभर ती न्हाणीघरात, नळ सोडून, तो उखाणा घोकत होती. मंदारने बाहेरून ऐकलं होतं. रोज ते नाव थोडं आधी सुटत होतं.

रेवा उभी राहिली.

"कृष्णाकाठचं वांगं, भरून केलं छान," ती म्हणाली. स्वच्छ म्हणाली. "त... त..."

खोली शांत झाली. घरची माणसं थांबायला शिकलेली होती. रेवाचे डोळे मिटले, हनुवटी वर गेली. नाव येतच होतं. जो तिला ओळखत होता त्याला ते दिसत होतं. आणि तिला मंदारइतकं कोणी ओळखत नव्हतं.

"घाबरू नका हो," मंदार म्हणाला. "आमची गाडी या स्टेशनात जरा जास्तच थांबते." आणि मग, बारीक बायकी आवाज काढून, त्यानेच ओळ पुरी केली, "तन्मयरावांचं नाव घेते, राखून सगळ्यांचा मान."

लोक हसले. वाईट मनाने नव्हे. इतका वेळ धरलेला श्वास सुटला म्हणून हसले. तन्मय हसला नाही. रेवा हसली. हसून खाली बसली, तन्मयला घास भरवला, ताटातलं सगळं संपवलं, वाढणाऱ्या काकूला "पोळी फार मऊ झाली" असंही म्हणाली. मंदारच्या पोटात असा खड्डा पडला की त्याला पुढचा घास गिळता येईना. आणि त्याच वेळी, कपाळाच्या आत कुठेतरी, एक वाक्य उभं राहिलं. उत्तम वाक्य होतं.

संध्याकाळी तो रेवाच्या खोलीत गेला. ती साडीची घडी करत होती.

"रेवा, अगं, ते दुपारचं..."

"अ... अ..." ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला. मग मान हलवून नुसतं "असू दे" म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी अडखळू लागली. मग अडखळावं लागू नये म्हणून बेतानेच बोलू लागली. हो. नको. बघते. न अडणारे शब्द निवडून ती बापाशी बोलत होती, आणि तिने निवडलेला एकेक शब्द मंदारला तोंडात मारल्यासारखा लागत होता. शरमेने तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. जेवणाच्या टेबलाशी तो तिच्या हातांकडे बघून बोलायचा.

तो मिरजेला गेला. पट्टी त्याच्या कानामागे केळवणाच्या दिवशीही होती. तो ती आता काढतच नसे.

"मला फक्त एवढं सांगा," केळवणाची सगळी हकीकत सांगून झाल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "मी ते मुद्दाम केलं का? माझं मला कळत नाहीये. मला वाटतं, नकळत तोंडातून गेलं."

डॉ. मुजावर यांनी त्या दुपारची नोंद पडद्यावर काढली.

"इथे तुमची मुलगी थांबली," त्यांनी बोट ठेवलं. "इथे तुम्ही बोललात. आणि लाज सुरू झाली इथे."

त्यांचं बोट मागे आलं होतं. बोलण्याच्या अलीकडे.

"आधी? अजून काही केलंच नव्हतं, तर लाज कशाची वाटणार?"

"करणार होतात त्याची. सगळ्यांनाच आधी वाटते. खरं तर तिचं कामच ते आहे. आपण काही हलकं करायला निघालो की ती पुढे येऊन हात धरते. पण हे बघा." त्यांनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "लाजेच्या पाठोपाठ, तुम्ही तोंड उघडण्याच्या आधीच, तुमची लेखनमुद्रा उमटलेली आहे. सावर्डेकर, तुम्ही लिहायला सुरुवात केली होती. सायकलचा ब्रेक दाबला की ती आणखी जोरात पळावी, तसं झालंय तुमचं."

मंदारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला वाटलं, हे आपल्याला ठाऊक होतं. न्हाणीघराबाहेर उभं राहून ऐकत होतो तेव्हापासूनच ठाऊक होतं.

"ही लाज लिहू नका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा स्वर मऊ झाला होता. "एवढी एक ठेवा. ती विझली तर मुलीची माफी कशाने मागाल?"

त्याने कबूल केलं. नुसतं कबूल केलं नाही, तिथूनच ढोबळ्यांना फोन लावला आणि कथा होणार नाही म्हणून सांगितलं. ढोबळे दुखावले. मंदारला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्याजवळ आता एकच लाज होती आणि ती तो दिव्यावर हात धरावा तशी जपून घरी घेऊन आला.

घरी आल्यावर शलाका म्हणाली, "जा, बोल तिच्याशी. आत्ता जा."

"बोलतो. पण नीट बोलायला हवं गं."

"नीट कशाला? जसं येईल तसं बोल. ती नाही का जन्मभर बोलत, जसं येईल तसं?"

पण मंदार लेखक होता. महत्त्वाचं असं काहीही तो आयुष्यात आधी लिहून काढल्याशिवाय बोलला नव्हता. शलाकाला मागणी घातली तीही लिहून, पाठ करून. वडिलांच्या दहाव्याला चार शब्द बोलला तेही खिशातल्या चिठोऱ्यावरून. इतक्या मोठ्या गोष्टीत आपण काहीतरी चुकीचं बोलून बसू, तिला आणखी दुखवू, याची त्याला खरोखर भीती वाटली. नुसतं टिपण करू, असं त्याने ठरवलं. कथा नव्हे. माफीच्या चार ओळी.

त्याने लिहिलं, 'रेवा, त्या दिवशी तुझं नाव येत होतं, मला दिसत होतं.' खड्डा पडला. आणि हात चालू लागला. तिच्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल लिहिलं, वर गेलेल्या हनुवटीबद्दल. तिला आतून काय वाटलं असेल ते लिहिलं, हसणारी माणसं तिला कशी दिसली असतील ते लिहिलं. तिसऱ्या परिच्छेदात 'तू'ची 'ती' झाली. त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही, कारण 'ती' जास्त चांगलं वाचलं जात होतं. पुढे बापाला एक नाव लागलं, मग मुलीलाही दुसरं. दिवेलागणीपर्यंत तो मान वर न करता लिहीत होता. असं त्याने कधीच लिहिलं नव्हतं.

पेन खाली ठेवलं तेव्हा त्याला फार हलकं वाटलं. हलकं वाटतंय म्हटल्यावर तो दचकला. त्याने केळवण आठवून पाहिलं. ताटाभोवतीची रांगोळी आठवली, स्वतःचा बायकी आवाज आठवला, रेवाचं हसणंही आठवलं. पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तशी तो आतून जागा चाचपत राहिला. तिथे काही दुखत नव्हतं.

तरी तो गेला. जायलाच हवं होतं. पानांमधून त्याने माफीच्या ओळी वेगळ्या काढल्या, मुलीचं नाव पुन्हा रेवा केलं, आणि मनात एकदा म्हणून पाहिल्या.

रेवा खिडकीपाशी बसली होती. तो तिच्या समोर बसला आणि आज तिच्या डोळ्यांत बघून बोलला. शब्द एकही इकडचा तिकडे झाला नाही. नाव येत होतं, मला दिसत होतं, तरी मी बोललो, हे त्याने सांगितलं. नकळत झालं असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खोटं आहे, हेही सांगितलं. असं बोलणं रेवाने कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मला व... व..." ती अडली. मंदार थांबला. "वाटलं, तुला माझी ल... लाज वाटते. लहानपणापासून वाटत असेल, आणि तू ल... लपवत असशील. मग तेच म... मनात बसलं, बाबा."

"तुझी नाही गं, बाळा," मंदार म्हणाला. "माझी मला वाटते."

हे वाक्य पानावर होतं. फक्त त्याची जागा थोडी पुढे होती. तिच्या बोलण्याला ते इथेच चपखल बसलं म्हणून त्याने ते आधी घेतलं.

रेवा रडायला लागली. कित्येक दिवसांचं सगळं बाहेर आलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देत, अडखळत, पण न थांबता बोलत राहिली, लग्नाचं, तन्मयचं, त्या दुपारचं. तिने त्याला माफ केलं होतं. दाराशी उभ्या शलाकाने पदराने डोळे टिपले. मंदार रेवाच्या पाठीवरून हात फिरवत होता. आपलं तिसरं वाक्य थोडं लांबलं, एवढंच त्याला वाटत होतं.

आणि तेव्हा त्याला ते जाणवलं. पोटात, अगदी बारीक. मुलगी आपल्या खांद्यावर रडते आहे आणि आपल्याला काहीच वाटत नाहीये, याची लाज. खरी होती, ताजी होती, आणि बघणारं माणूस आपलं होतं. दुसऱ्या कुणी बापाने ती घट्ट धरून ठेवली असती. मंदारचा हात रेवाच्या पाठीवरून तसाच फिरत राहिला, आणि मनातल्या मनात त्याने पहिलं वाक्य जुळवायला घेतलं.